शिवाजी पेठ सोडून आर. के. नगरला जावं का? पंधरा दिवसांत ठरवायचं आहे

संध्यामठवाली

फ्लॅटचं टोकन ५१ हजार देऊन बसलोय आणि आता झोप लागत नाही, म्हणून हा धागा.

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत, संध्यामठाच्या बाजूला राहतो. खाली सासू-सासरे आणि आम्ही तिघं, वर दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दगडी जोतं, जाड भिंती. उन्हाळ्यात पंखा लागत नाही. लेक जूनमध्ये पहिलीला जाईल. मिस्टर गोकुळ शिरगावला फौंड्रीत सुपरवायझर आहेत, तिन्ही पाळ्या फिरून येतात. मी लक्ष्मीपुरीत एका पतसंस्थेत. साडेदहाला जातो, साडेसहाला सुटतो.

मिस्टरांच्या बरोबरच्या सगळ्यांची मुलं सीबीएसईला आहेत. आर. के. नगरच्या बाजूला एक शाळा बघून आलो. मैदान मोठं, वर्गात पडदा, पोहायचा तलाव. फी ६८ हजार, बस १४ हजार, पुस्तकं-गणवेश वेगळे. शाळेपासून दहा मिनिटांवर दोन बेडरूमचा फ्लॅट ४२ लाखांना मिळतोय. ३० लाख कर्ज काढावं लागेल.

सासूबाई "तुमचं तुम्ही बघा" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून बोलणं कमी आणि भाकरी थापायचा आवाज मोठा झालाय.

पेठेतून उपनगरात गेलेल्यांनी खरं खरं सांगा. जाऊन परत आलेलं कुणी असेल तर त्यांनी आधी सांगा.

गंगावेशकर

वैनी, टोकन गेलं तर गेलं. पेठ सोडू नका.

पोरगीला पोहायला शिकवायला ६८ हजार? आमाला बापानं रंकाळ्यात ढकललं, फुकटात शिकलो. (आता रंकाळ्यात ढकलू नका, ते पाणी ऱ्हायलं न्हाई.) सकाळी धारोष्ण दूध, संध्याकाळी गांधी मैदान, रात्री कट्टा. हे तिकडं कुठल्या फीमधी बसतंय?

पुण्यातून_बघणारा

"साडेदहाला जातो" वाचून गोंधळलो. लिहिणारे दादा आहेत की ताई?

मूळ प्रश्नाबद्दल : जग कुठे चाललंय ते बघा. पुढे नीट, जेईई सगळं एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. आत्तापासून पाया पक्का नको का? माझी दोन्ही मुलं सीबीएसईला आहेत, फरक दिसतो.

संध्यामठवाली

ताईच आहे. कोल्हापुरात बाई "जातो"च म्हणते, "जाते" म्हटलं की माहेर कुठलं म्हणून विचारतात.

गंगावेशकर दादा, कट्टा तुम्हाला आहे. मुलीला आणि मला नाही. पेठेत मुलगी आठवी-नववीत गेली की मैदानावर किती दिसते सांगा.

गंगावेशकर

हे बरोबर बोलला. गप बसतो थोडा वेळ.

पाचगाव_२०१६

मी मंगळवार पेठेतून शहराबाहेर पाचगावच्या हद्दीत आलो. धाग्यात विचारलंय तशी मुलांच्या शाळेसाठीच. खरं खरं सांगतो.

पहिल्या वर्षी असं वाटलं की नरकातून सुटलो. दारात गाडी लागते. गणपतीच्या दहा दिवसांत खिडक्या थरथरत नाहीत. मुलाचं नाक वाहायचं थांबलं. शाळेत पोरगा उभा राहून बोलायला शिकला, हे मी नाकारणार नाही. आमच्या घरात चार माणसांसमोर कुणी बोललेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा आला. आमच्या कॉलनीत नळाला पाणी दोन-तीन दिवसांनी आणि तेही रात्री दोनला. बोअर आटलं. टँकर. पेठेत पाणी जाणार असलं की पेपरात बातमी येते, मोर्चा निघतो. इथं टँकरवाल्याचा नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पहिला. थेट पाईपलाईनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं तेव्हा आमचे पेठेतले पाहुणे अभ्यंगस्नानाचे फोटो टाकत होते, आणि आम्ही बादल्या मोजत होतो. तेव्हा फ्लॅट बघताना मॉड्युलर किचन राहू दे, आधी टाकी किती लिटरची आणि कनेक्शन कुणाचं ते विचारा. आणि मे महिन्यात जाऊन विचारा, श्रावणात नको.

आई-वडील आमच्याकडे राहायला आले ते आठ दिवसांत परत गेले. बाबा म्हणाले, "हितं कुणाशी भांडायला बी माणूस न्हाई." आम्ही हसलो. पण संध्याकाळी दोन्ही मुलं शाळेतून आली की कुलूप उघडून आत, आम्ही येईपर्यंत टीव्ही. हे तीन वर्षं चाललं. ताई, तुमची लेक साडेतीनला बसमधून उतरेल. तुम्ही लक्ष्मीपुरीतून निघणार साडेसहाला, ट्रॅफिकमधून पोचायला सात-सव्वासात. मिस्टर दुसऱ्या पाळीला असले तर साडेतीन ते सव्वासात ती कुणाकडे?

एक गंमत. पेठेत असताना मी हद्दवाढीच्या बाजूनं तावातावानं बोलायचो. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द एक इंच वाढली नाही, निधी येणार कुठून वगैरे. आता आमच्या दारावर हद्दवाढ-विरोधी फलक आहे. शहराचा घरफाळा आठवतो.

संध्यामठवाली

साडेतीन ते सव्वासात. हाच प्रश्न मी मिस्टरांना विचारला तर ते म्हणाले "बघू काहीतरी". सध्या बालवाडीतून सासूबाई आणतात, जेवायला घालतात, झोपवतात. मी आलो की केस विंचरलेली पोरगी हातात मिळते. तुम्ही लिहिलंत तेव्हा पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

हिशेबी

आकड्यात बघायचं तर पुढचं पण बघा. ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता २६ हजारांच्या आसपास. वीस वर्षांत बँकेला साडेबासष्ट लाख जातील. शाळा आणि बस मिळून ८२ हजार. सरासरी वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर पहिली ते दहावीचे साधारण १२ लाख. दुसरं मूल झालं तर तुम्हीच गुणा.

फी मनाला येईल तशी वाढवता येत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. महाराष्ट्राचा शुल्क नियमनाचा कायदा २०११ चा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं फी ठेवावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं तीच. त्या समितीत जायला पालक मिळत नाहीत, ही वेगळी गोष्ट. सगळ्यांना वाटतं आपल्या पोरावर राग निघेल.

फ्लॅट घेतलाच तर तुमच्या एकटीच्या नावावर घ्या. मुद्रांक शुल्कात महिलांना १ टक्का सवलत आहे. ४२ लाखांवर ४२ हजार होतात.

आता न विचारलेला प्रश्न. तुम्ही बाहेर पडताना घरातून कुणी हक्कसोडपत्राचा, म्हणजे घरातला हिस्सा सोडल्याच्या कागदाचा, विषय काढलाय का?

संध्यामठवाली

तुम्हाला कसं कळलं?

हिशेबी

कळायला काय, तीस वर्षं दस्तलेखनिकाचं काम केलंय. पेठेतलं घर, दोन भाऊ, एक बाहेर निघाला. यातल्या निम्म्या घरांत "तुझं झालं की तिकडं, इथं सही कर" होतं. सासरे हयात आहेत, घर कुणाच्या नावावर आहे ते आधी प्रॉपर्टी कार्डावर बघा. घाईत कसलीही सही करू नका. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की "मला माहीत नव्हतं" म्हणून मागं घेता येत नाही. आणि दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनाही दोन मुलं आहेत, जागा त्यांनाही अपुरी पडते.

संध्यामठवाली

दीर वाईट नाहीत. जावेनं एकदा सहज म्हणून विचारलं, "मग खालची खोली मोकळीच राहणार का?" एवढंच. पण ते सहज नव्हतं.

खडूफळा

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. माझं मत एकांगी वाटलं तर तसं समजा.

पुण्याच्या दादांनी नीट-जेईई काढली. नीट एनसीईआरटीवर असते हे बरोबर. पण आपल्याकडची बहुसंख्य मुलं इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेनं जातात, आणि ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते. अकरावीचा भाग २० टक्के, बारावीचा ८०. आणि दोन्ही रस्ते अकरावी-बारावीचे आहेत. सहा वर्षांच्या मुलीला अकरावीच्या तराजूत कशाला बसवता? सेमी इंग्रजीतून गणित-विज्ञान शिकलेली माझी मुलं पुढं कुठंही अडली नाहीत. अडली ती वाचन न येणारी. मग माध्यम कुठलंही असू दे.

शाळा बघायला गेलात तेव्हा तुम्हाला मैदान आणि तलाव दाखवला. आता परत जा आणि तीन गोष्टी बघा.

तिसरीच्या वर्गातल्या पाच मुलांच्या वह्या मागा. पहिल्या पानावरच्या नकोत, मधल्या. बाईंनी चूक नुसती गोल केलीय की शेजारी बरोबर लिहून दिलंय, आणि मुलानं ती पुन्हा लिहिलीय का. यात शाळा कळते. मग मधल्या सुट्टीनंतर मुलींचं स्वच्छतागृह बघा, सुट्टीआधी नको. तिसरं, एका वर्गात मुलं किती ते मोजा. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागं एक शिक्षक आहे. महागड्या शाळेत ४५ भरलेली मी बघितली आहेत.

आणि "सीबीएसई पॅटर्न" असं पाटीवर लिहिलेलं असेल तर थांबा. पॅटर्न आणि संलग्नता यांत गाय आणि गाईच्या चित्राएवढा फरक आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचा सात आकडी संलग्नता क्रमांक मिळतो का ते बघा. काही शाळांना आठवीपर्यंतच परवानगी असते आणि पालकांना ते नववीत कळतं.

शेवटचं. तुम्ही पेठेतून पाचगाव रस्त्यानं आर. के. नगरला जाता तेव्हा वाटेत जरगनगर लागतं. तिथली महापालिकेची लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर ही शाळा बघितली आहे का? पाडव्याला पहिलीचे प्रवेश असतात आणि पालक पहाटेपासून रांग लावतात, काही जण त्याच्याही आधीपासून. महापालिकेच्या मराठी शाळेसाठी. शिष्यवृत्तीच्या यादीत तिथली मुलं किती असतात ते कुणालाही विचारा. तिथंही सगळं गोड नाही. वर्ग भरलेले असतात, शिष्यवृत्तीचा रेटा लहान वयात फार आहे, हे मी आमच्या बैठकांतही बोललो होतो. पण ६८ हजार देण्याआधी एकदा फाटकातून आत जाऊन या.

गंगावेशकर

सर, नाद खुळा.

मंडळी, शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न घातलं तर बापाला महिन्याला १ रुपाया दंड. आता घातलं तर ६८ हजार. त्यापेक्षा दंड परवडला.

कुंभार_गल्ली

सगळे शाळेवर बोलताय म्हणून मी दुसरं सांगते. आम्ही शाहूपुरीत होतो. २०१९ ला घरात पाणी, २०२१ ला परत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फूट म्हणजे धोका, त्या दोन्ही साली ५५ च्या वर गेलं. सगळ्या गावाला पुराचा वेढा आणि उपसा केंद्रं बुडाल्यानं नळाला थेंब नाही, असं ते दिवस होते. मुलीची दहावीची पुस्तकं गच्चीवर वाळवली. त्यानंतर आम्ही उजळाईवाडीकडं उंचावर आलो. आमच्यासाठी प्रश्नच नव्हता.

ताई, संध्यामठाच्या बाजूला तुमच्या घरात पाणी शिरत नसेल तर तुमच्याकडं ते कारण नाही. म्हणजे तुम्हाला खरंच निवडायला मिळतंय. आम्हाला मिळालं नव्हतं.

पुण्यातून_बघणारा

खडूफळा सर, वह्यांचं लिहिलंत ते मी काल रात्री करून बघितलं. धाकट्याच्या वहीत सगळीकडे नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत. चुकलेल्यावर पण.

दुसरी_पाळी

मी संध्यामठवालीचा नवरा. कॅन्टीनमधी बसून वाचला सगळा धागा. घरचं चव्हाट्यावर आलंय तर माझंबी घ्या.

रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी येतो. भट्टीजवळ उभा ऱ्हाऊन डोकं बधिर झालेलं असतं. आठला झोपायचं म्हटलं की गल्लीत पाण्याची मोटर, मग कचरागाडीचं गाणं, मग पुतण्यांची भांडणं, अकराला भाजीवाली. कुठल्या तरी मंडळाचा कुठला तरी कार्यक्रम असतोच. फुटबॉलचा हंगाम असला तर जिंकले तरी फटाके, हरले तरी आरडाओरडा. मी बी त्याच गल्लीत फटाके उडवलेत, कुणाला काय बोलणार? अकरा वर्षं झाली, रात्रपाळीच्या आठवड्यात मी सलग चार तास झोपलेलो न्हाई. मागच्या महिन्यात लाडल (वितळलेल्या धातूचं भांडं) हलवताना डुलकी लागली. हिला सांगितलं न्हाई.

आता आईला जाऊन काय सांगू? झोपेसाठी घर सोडतो म्हणू? पेठेत बाप चाळीस वर्षं झोपलाच की. शाळा म्हटलं की कुणी अडवत न्हाई. पोरीच्या शाळेला न्हाई म्हणायची कुणाची टाप आहे? म्हणून शाळा पुढं केली. शाळा चांगली वाटली हे खरंच आहे. पण तलाव बघताना मी शेजारच्या बिल्डिंगचा बेडरूम कुठल्या बाजूला येतोय ते बघत होतो.

संध्यामठवाली

लाडलचं मला इथं कळतंय.

फोन उचला.

हिशेबी

मंडळी, थोडा वेळ धागा शांत ठेवा.

पाचगाव_२०१६

शांतच आहे. फक्त एक व्यवहाराचं. रात्रपाळी झोपेसाठी ४२ लाखांचा फ्लॅट लागत नाही. दोन खोल्या भाड्यानं घ्या, अकरा महिन्यांचा करार करा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. आम्ही ते केलं असतं तर टँकरचं आधीच कळलं असतं.

खडूफळा

याला मी अनुमोदन देतो. आणि आजीपासून वीस मिनिटांच्या आत घ्या.

संध्यामठवाली

(बारा दिवसांनी)

विचारपूस करणाऱ्या सगळ्यांना उत्तर देणं झालं नाही, माफ करा.

टोकन परत मागितलं. १० हजार कापून बाकीचे देतो म्हणतात, अजून दिलेले नाहीत. हिशेबी काकांनी सांगितल्याप्रमाणे पावती आणि मेसेज जपून ठेवलेत.

सीबीएसईच्या शाळेत परत जाऊन वह्या मागितल्या. "पॉलिसीमध्ये नाही" म्हणाले. वर्गात ४१ मुलं मोजली, काचेतून. मिस्टर म्हणाले, तरी मैदान चांगलं आहे. आहेच.

जरगनगरच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं बघितल्या. मागं शेत, बेडरूम त्या बाजूला. मिस्टर दुपारी तिथं फरशीवर आडवे झाले आणि खरंच घोरले. घरमालक दारात किल्ली घेऊन उभे. अॅडव्हान्स तिथंच दिला.

सासूबाईंना मिस्टरांनी स्वतः सांगितलं, झोपेचं. त्या म्हणाल्या, "मग एवढे दिवस शाळा शाळा काय लावलंतास?" आणि दुसऱ्या दिवशी केएमटीची बस किती वाजता आहे ते स्टॉपवर जाऊन विचारून आल्या. दुपारी तिकडं येणार, रात्री मिस्टर किंवा मी परत सोडणार. सासऱ्यांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते माणसानं बायकोला घेऊन भाड्यानं राहणं म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. खालच्या खोलीला आम्ही कुलूप लावणार आहोत. त्यावर जाऊ काही बोलली नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. सही कसलीही केलेली नाही.

परवा पाडवा. प्रवेश मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर पेठेतलीच सेमी इंग्रजी शाळा, तिथं मी रोज सकाळी लक्ष्मीपुरीला जाता जाता सोडीन.

गंगावेशकर

वैनी, रांगेला किती वाजता?

संध्यामठवाली

मिस्टर दुसऱ्या पाळीवरून साडेबाराला सुटतात, तिथूनच परस्पर जाणार. मी पहाटे गुढी उभारून चहा घेऊन जातो.

गंगावेशकर

चहा असू दे. गंगावेशीतनं दूध घेऊन येतो मी. भाऊला सांगा, खुर्ची घेऊन जा, आणि जाड स्वेटर. आणि डुलकी लागली तर शेजारच्याला नंबर सांगून झोप म्हणावं.